मार्शल बेटांवरची होल बॉडी काउंटर सेवा: नारळ-खेकडा खाणाऱ्याच्या कामाची किती?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर एनेवेटाक, रोंगेलाप आणि राजधानी माजुरो अशा तीन ठिकाणी २००० च्या आसपासच्या काही वर्षांत शरीरमापनाची केंद्रं उभारली. माणूस खुर्चीत बसतो, समोर सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत अंगातलं सीझियम-१३७, म्हणजे जुन्या अणुचाचण्यांतून उरलेलं किरणोत्सारी मूलद्रव्य, मोजून होतं. मोजणी ऐच्छिक. यंत्र चालवायला स्थानिक तंत्रज्ञ तयार केले, ही सेवेची मोठी जमेची बाजू. बाहेरून बोट येणार, मोजून जाणार आणि आकडे कुठेतरी परदेशात राहणार, हा जुना प्रकार तिथल्या लोकांनी पुरेसा सोसला आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सीझियमसाठी सेवा उत्तम. रोज नारळ खाणाऱ्या प्रौढ माणसासाठी तर याहून चांगलं साधन नाही. मुलांच्या बाबतीत निकाल जपून वाचावा लागतो. आणि ज्याच्या मनात प्रश्न खेकड्याचा आहे, त्याला इथून निम्मंच उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं का मिळत नाही, हे कळायला आधी तो खेकडा बघावा लागेल.

नारळ-खेकडा, म्हणजे बिरगस लॅट्रो, मार्शलीज भाषेत बारुलेप. जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद प्राण्यांत सगळ्यात मोठा. वजन चार किलोपर्यंत, आयुष्य कित्येक दशकांचं. खोबरं, केवड्याच्या जातीतल्या पँडॅनसची फळं, पडलेलं काहीही खातो, म्हणजे बेटावरच्या झाडांत जे चढलं ते त्याच्यात साठतं. वाढताना कात टाकतो, तीही बिळात दडून. मग टाकलेलं कवच स्वतःच खातो, कारण नवं कवच बांधायला कॅल्शियम लागतं. चाचण्यांतूनच आलेलं दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य स्ट्रॉन्शियम-९० रासायनिक स्वभावाने कॅल्शियमचा भाऊबंद असल्यामुळे तेही जुन्या कवचातून पोटात आणि पोटातून नव्या कवचात जातं. थोडंफार बाहेर पडतं, बाकीचं फिरत राहतं. झाडांमधलं प्रदूषण ज्या वेगाने उतरतं, त्याच वेगाने खेकड्याच्या कवचातलंही उतरेल असं म्हणूनच धरता येत नाही.

हा नुसता तर्क नाही. बिकिनी आणि एनेवेटाक परिसरात १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या झाल्या. त्यातली १ मार्च १९५४ ची ब्राव्हो चाचणी १५ मेगाटनची होती, आणि तिची राख रोंगेलाप, आयलिंगिनाए, रोंगेरिक, उटरिक या कंकणद्वीपांवर, म्हणजे मधल्या खाऱ्या तळ्याभोवतीच्या (लगूनभोवतीच्या) छोट्या बेटांच्या कड्यांवर, पडली. पुढे बिकिनीचे लोक परत न्यायची तयारी चालू असताना अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला सांगावं लागलं की खेकडे अजून किरणोत्सारी आहेत, मोजकेच खा. कारण हेच दिलं होतं: ते आपलं टाकलेलं कवच खातात. तरीही लोक परतले. १९७८ साली शंभराहून जास्त माणसांना पुन्हा बिकिनी सोडावं लागलं, कारण शरीरमापनात सीझियम अनेक पटींनी वाढलेलं दिसलं. काउंटर काय पकडतो याचा यापेक्षा ठळक पुरावा नको. तेव्हाही मोजलं गेलं ते मुख्यतः सीझियमच.

सीझियम झाडात इतकं का चढतं? प्रवाळाची माती म्हणजे जवळजवळ चुनाच. तिच्यात चिकणमातीचे कण नाहीत, पोटॅशियम अगदी कमी. इतरत्र सीझियम चिकणमातीच्या थरांत अडकून बसतं, इथे मोकळं राहतं. झाडाला पोटॅशियम हवं असतं, ते सापडत नाही, म्हणून मुळं त्याच्यासारखं दिसणारं सीझियम ओढतात. स्ट्रॉन्शियमचं गणित उलटं. मातीत कॅल्शियमचा महापूर असल्यामुळे झाडात ते फारसं जात नाही. म्हणून नारळ हा सीझियमचा प्रश्न आहे, तर खेकडा सीझियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्हींचा. लगूनमधले मासे यात तुलनेने बरे, कारण समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सीझियम पातळ होऊन जातं.

आता सेवेकडे.

मोजणीला बसण्याआधी अंघोळ करून धुतलेले कपडे घालायला सांगतात. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण टाळू नये. उत्तरेकडच्या बेटांवर काम करून आलेल्याच्या पायाला, केसांना, खिशातल्या शिवणीला चिकटलेली माती डिटेक्टरला शरीरातल्या सीझियमसारखीच दिसते. सीझियमच्या गॅमा किरणांची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट; बाहेरचं ६६२ आणि आतलं ६६२ यांत यंत्र भेद करू शकत नाही. अलीकडे दवाखान्यात थायरॉइड किंवा हाडांचं आयसोटोप स्कॅन झालं असेल तर तेही आधी सांगावं. तसल्या औषधातले किरण वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याच्या आलेखात) मधेच उभे राहतात आणि मोजणी बिघडवतात.

यंत्र नीट चाललंय का, हे बघायला एक सोपी खूण असते. माणसाच्या अंगात नैसर्गिक पोटॅशियम-४० असतंच. सत्तर किलोच्या प्रौढ पुरुषात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम आणि त्यातून सुमारे ४,४०० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). त्याचं शिखर १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतं. ते शिखर जागेवर नसेल किंवा आकडा भलताच कमी-जास्त असेल, तर सीझियमच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये, पुन्हा मोजायला सांगावं. सोडियम आयोडाइडचा दोष असा की खोलीचं तापमान बदललं की शिखरं सरकतात. विषुववृत्ताजवळच्या बेटावर वीज गेली, एसी बंद पडला, की हे हमखास होतं. म्हणून दिवसाची पहिली मोजणी सुरू करण्याआधी ज्ञात स्रोत ठेवून शिखर तपासलं जातं. एसी परत चालू झाल्यावर लगेच घाई न करता स्फटिकाला स्थिरावू द्यावं लागतं. आकाराचा मुद्दाही आहे. काउंटरचं कॅलिब्रेशन माणसाच्या आकाराच्या पाण्याच्या डब्यांवर केलेलं असतं, त्यामुळे खूप लठ्ठ किंवा खूप लहान शरीरासाठी चूक थोडी वाढते.

निकालाच्या कागदावर डोस मिलिरेममध्ये असेल, कारण अमेरिकन सवय. १०० मिलिरेम म्हणजे १ मिलिसीव्हर्ट, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पण बेकरेलवरून स्वतः हिशेब करता आला तर उत्तम, आणि तो अवघड नाही. प्रौढाच्या शरीरातून सीझियम निम्मं व्हायला साधारण शंभर दिवस लागतात. खाणं वर्षभर एकसारखं असेल तर अंगात स्थिर राहणाऱ्या दर १,००० बेकरेलमागे रोजचं सेवन सुमारे ७ बेकरेल असतं. वर्षाचे झाले अडीच हजार. प्रौढासाठी सीझियम-१३७ चा डोसचा गुणक दर बेकरेलला ०.०१३ मायक्रोसीव्हर्ट. म्हणजे १,००० बेकरेलचा माणूस वर्षाला सुमारे ३३ मायक्रोसीव्हर्ट घेतो, ३.३ मिलिरेम. अणुचाचण्यांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या मार्शल बेटांच्या न्यूक्लिअर क्लेम्स ट्रायब्युनलने स्वच्छतेसाठी धरलेली १५ मिलिरेमची कडक मर्यादा यावरून साडेचार हजार बेकरेलच्या आसपास येते. अंगातल्या नैसर्गिक पोटॅशियमच्या बेकरेलइतकीच जवळजवळ. १ मिलिसीव्हर्टची मर्यादा तीस हजारांवर. कागदावरचा आकडा या दोन खुणांच्या मधे कुठे बसतो ते पाहा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

या हिशेबाला एक मोठी अट आहे: खाणं एकसारखं असलं पाहिजे. वर्षातले दहा महिने माजुरोत तांदूळ आणि डबाबंद मांस खाऊन दोन महिने उत्तरेच्या बेटावर खोबरं तोडायला गेलेल्या माणसाला हे सूत्र लागू नाही. त्याने परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मोजून घ्यावं आणि तिथे किती दिवस होतो ते तंत्रज्ञाला सांगावं. सहा महिन्यांनी गेलात तर अंगात तिसरा हिस्साही उरलेला नसतो आणि कागद तुम्हाला निर्दोष ठरवतो.

मुलांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. वर्षाच्या बाळातून सीझियम निम्मं व्हायला दोन आठवड्यांहून कमी वेळ लागतो, पाच वर्षांच्या मुलात महिनाभर, दहाव्या वर्षी सुमारे पन्नास दिवस. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचंच सांगतो. नाताळच्या सुट्टीत आजोळी खाल्लेलं मे महिन्यात दिसणार नाही. लहान मूल खुर्चीत दहा मिनिटं हललं नाही असंही होत नाही. मुलांसाठी आईवडिलांचा आकडा आणि घरातलं खाणं यावरून अंदाज बांधणं जास्त भरवशाचं, आणि सेवेने हे निकालाच्या कागदावर ठळक छापायला हवं, असं आमचं मत.

आता खेकड्याचं निम्मं उत्तर. समजा एका खेकड्याचं ३०० ग्रॅम मांस खाल्लं आणि त्यात किलोमागे १,००० बेकरेल सीझियम आहे. अणुदुर्घटनेनंतरच्या अन्नासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, सीझियमची मर्यादा हीच आहे. ३०० बेकरेल पोटात गेले, डोस ४ मायक्रोसीव्हर्ट. महिन्यातून एकदा असं जेवण झालं तर वर्षाचे ४७. दुसरीकडे, रोज ४०० ग्रॅम खोबरं आणि शहाळं, किलोमागे फक्त १०० बेकरेल धरले तरी वर्षाला १९० मायक्रोसीव्हर्ट. नाव खेकड्याचं होतं, डोस नारळाचा असतो. ही उदाहरणाची गणितं आहेत, कुठल्या बेटाची मोजमापं नव्हेत, पण प्रमाण असंच पडतं, आणि काउंटर ते बरोबर पकडतो. खेकडा बंद करून नारळ तसाच चालू ठेवणाऱ्याचा आकडा खाली येत नाही, हे कागदावर दिसलं की वाद मिटतो.

काउंटरला जे दिसत नाही ते स्ट्रॉन्शियम-९०. ते आणि त्याचं अपत्य यिट्रियम-९० मोजता येईल असा गॅमा देतच नाहीत, फक्त बीटा कण, आणि ते शरीरातल्या ऊतींतच विरतात. खुर्चीत तास-तास बसलात तरी डिटेक्टर मूग गिळून. सेवेचा बचाव असा की सरासरी आहारात डोसचा फार मोठा वाटा सीझियमचा असतो आणि स्ट्रॉन्शियमचा थोडा. बचाव बरोबर आहे. पण तो सरासरी आहार नारळावर चालणारा आहे. नांग्या दातांनी फोडून चोखणारा, कवच कुटून त्याचा रस्सा उकळणारा माणूस सरासरीत बसत नाही. स्ट्रॉन्शियम हाडात जाऊन वर्षानुवर्षं राहतं. प्रौढासाठी बेकरेलमागचा डोस सीझियमच्या दुप्पट, आणि एक-दोन वर्षांच्या मुलासाठी तो प्रौढाच्या अडीच पटीहून जास्त. कोडेक्सची मर्यादाही म्हणूनच किलोमागे १००, सीझियमच्या दहावा भाग.

म्हणून खेकड्याची चिंता असेल तर खेकडाच मोजायला हवा. त्याचे तीन मार्ग बाजारात दिसतात आणि त्यातला एक पैसे वाया घालवण्याचा आहे.

तो म्हणजे हातातला गायगर काउंटर. मांसाला लावून कट्‌कट् ऐकायची आणि निश्चिंत व्हायचं. ओल्या मांसात बीटा कण आतच अडतात, आणि गॅमासाठी गायगर नळीची कार्यक्षमता शेकड्यात एकाच्याही खाली. १,००० बेकरेल किलोच्या मांसाचा तुकडा आणि स्वच्छ तुकडा यातला फरक पार्श्वभूमीच्या चढउतारात बुडतो. शिवाय बिकिनीसारख्या ठिकाणी जमीन स्वतःच गॅमा सोडत असते, म्हणजे खेकडा उचलून बोटीवर नेला की आकडा खाली येतो आणि माणूस समजतो खेकडा चांगला निघाला. जमिनीवर कुठे राख जास्त आहे ते शोधायला गायगर ठीक. अन्नासाठी नको.

दुसरा मार्ग दोन इंची सोडियम आयोडाइड स्फटिकाचा टेबलावरचा वर्णपटमापक, मधे खळगा असलेल्या अर्ध्या लिटरच्या भांड्यासह. हा खरोखर उपयोगी. स्फटिकाभोवती नमुना बसतो, ६६२ च्या शिखरात साधारण अडीच टक्के कार्यक्षमता धरली तर १०० बेकरेल किलोच्या अर्ध्या किलो मांसातून सेकंदाला एक गणना मिळते. दहा मिनिटांत सहाशेच्या वर. निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. प्रवाळबेटांची एक गोष्ट इथे फायद्याची: मातीत युरेनियम-थोरियम अगदी कमी, त्यामुळे इतरत्र ६६२ च्या शेजारी ६०९ ला त्रास देणारं बिस्मथ-२१४ इथे जवळजवळ नसतं. वर्णपट स्वच्छ निघतो. अडचण शिशाची. जमिनीतला गॅमा अडवायला भोवती पाच सेंटिमीटर शिसं लागतं आणि तेवढ्या लहान पेटीचं वजनही सव्वाशे ते दीडशे किलो भरतं. ती पेटी छोट्या विमानाने बाहेरच्या बेटावर पाठवायची कल्पना कागदावरच बरी. ज्यांनी शिशाशिवाय नुसता डिटेक्टर विकत घेतला, त्यांना रिकामं भांडं आणि भरलेलं भांडं आलटून पालटून प्रत्येकी तासभर मोजून वजाबाकी करावी लागते. जमतं, पण खालची मर्यादा बरीच वर सरकते. आणि स्ट्रॉन्शियम यालाही दिसत नाहीच.

तिसरा मार्ग रसायनशाळा. स्ट्रॉन्शियमसाठी दुसरा पर्याय नाही. नमुना कसा पाठवला यावर इथे सगळं अवलंबून, आणि बहुतेक बिघाड इथेच होतात.

खेकडा आख्खा पाठवू नका. चार किलोचा आख्खा खेकडा दळून काढलेला एक आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही, कारण कवचातलं स्ट्रॉन्शियम आणि मांसातलं सीझियम एकमेकांत मिसळतं आणि खाणारा दोन्ही सारख्या प्रमाणात खात नाही. तीन पिशव्या करा: पाय आणि नांग्यांचं मांस, पोटातला तेलकट भाग म्हणजे पाचक ग्रंथी, आणि कवच. प्रत्येकीवर ओलं वजन ताजं असतानाच लिहा. बेटाचं नाव लिहा, कंकणद्वीपाचं नुसतं नको. रोंगेलापच्या उत्तरेकडची छोटी बेटं दक्षिणेकडच्या वस्तीच्या बेटापेक्षा कितीतरी जास्त दूषित आहेत, आणि पिशवीवर नुसतं ‘रोंगेलाप’ लिहिलेला खेकडा यातला कुठला ते कळायला नंतर मार्ग उरत नाही. माजुरो किंवा इबाय या दाट वस्तीच्या बेटावर नातेवाइकांकडे खोक्यातून आलेल्या खेकड्याची हीच गत. तारीख, वजन, आणि कवच कडक होतं की नुकतीच कात टाकलेलं मऊ, हेही लिहा.

मांसाची गॅमा मोजणी जाळण्याआधी करून घ्यायला सांगा. स्ट्रॉन्शियमसाठी नमुना भट्टीत जाळून राख करतात. तापमान साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं की सीझियम उडून जायला लागतं. राखेवर सीझियम मोजलेलं असेल तर आकडा खोटा कमी येतो. कवचाच्या राखेत कॅल्शियम प्रचंड असल्यामुळे वेगळं काढायचं काम किचकट होतं, आणि वेगळं काढल्यावर यिट्रियम पुन्हा तयार व्हायला दोन आठवडे थांबावं लागतं, कारण त्याचं अर्धायुष्य ६४ तास. म्हणून दोन दिवसांत स्ट्रॉन्शियमचा निकाल देतो म्हणणाऱ्याला नक्की काय आणि कसं मोजलं ते विचारा.

अहवाल आला की आधी बघा, आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या. मांसात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो. तो कोडेक्सच्या मर्यादेशी लावून कुणी बोंब ठोकतो, आणि तोच हिशेब उलटा करून कुणी निश्चिंत होतो. कुठल्या मर्यादेशी तुलना केली हेही तपासा. जपानमध्ये २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी सीझियमची मर्यादा १०० बेकरेल आहे, कोडेक्सची १,०००. तोच खेकडा एका कागदावर नापास आणि दुसऱ्यावर सहज पास.

शिजवण्याबद्दल एवढंच: सीझियम मिठासारखं विरघळतं, त्यामुळे मांस उकळून पाणी फेकलं तर बराच भाग त्याबरोबर जातो. तोच रस्सा प्यायलात तर काहीच साधलं नाही. कवचातल्या स्ट्रॉन्शियमवर उकळण्याचा भरवसा नको. कवच ताटाबाहेर ठेवणं हा एकच सोपा उपाय.

सेवेला एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं, आणि ती काउंटरच्या खोलीबाहेरची आहे. याच प्रयोगशाळेच्या बिकिनीवरच्या प्रयोगांत नारळाच्या मुळाशी पोटॅशियम क्लोराइड टाकलं तेव्हा खोबऱ्यातलं सीझियम आधीच्या दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आलं. पाऊस सीझियम खाली भूजलात ढकलतो, म्हणून झाडांमधलं प्रमाण ३० वर्षांच्या भौतिक अर्धायुष्याची वाट न पाहता सुमारे साडेआठ वर्षांत निम्मं होतं, हेही त्यांच्याच मोजमापांतून पुढे आलं. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने बिकिनीवर फक्त स्थानिक अन्न खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसीव्हर्ट डोस होईल म्हणून आहे त्या स्थितीत कायमची वस्ती नको म्हटलं, आणि उपाय म्हणून हेच पोटॅशियम सुचवलं. खताने नारळ सुधारला की तो खाणाऱ्या खेकड्याचं सीझियमही मागोमाग उतरणार. कवचावर मात्र खताचा भरवसा धरता येत नाही. १९५४ ला पडलेल्या स्ट्रॉन्शियमचा क्षय होऊनही सुमारे पाचवा हिस्सा आजही शिल्लक आहे.

पाच पैकी गुण द्यायचे तर प्रौढांच्या सीझियमसाठी साडेचार, मुलांसाठी अडीच, खेकड्यासाठी दोन. माजुरोत राहणाऱ्याने उत्तरेच्या बेटावरून आल्या-आल्या मोजून घ्यावं, बेटावर कायम राहणाऱ्याने वर्षातून एकदा त्याच महिन्यात. खेकडा नेहमी खाणाऱ्याने त्याच वेळी कवचाची एक पिशवी, बेटाच्या नावासकट, रसायनशाळेत पाठवायची सोय करावी.